कर्नाटकाच्या विजेची दोन भविष्यचित्रे : अमूल्य रेड्डी यांच्या ‘डिफेंडस’ मॉडेलचे प्रकरण

१९८७ मध्ये कर्नाटकातील एका सरकारी समितीने इसवी सन २००० मध्ये राज्याला किती वीज लागेल याचा अंदाज मांडला. दीर्घ पल्ल्याच्या वीज प्रकल्पांचा आराखडा आखणे हे तिचे काम होते. तिने काढलेली गरज वर्षाला ४,७५० कोटी युनिट आणि ९,४०० मेगावॉट इतकी होती. पुढच्या तीन-चार वर्षांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य कुमार एन. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच राज्यासाठी आणि त्याच वर्षासाठी निराळे आकडे मांडले : १,७९० कोटी युनिट आणि ४,००० मेगावॉट. म्हणजे समितीच्या तुलनेत ऊर्जा सुमारे ३८ टक्के आणि क्षमता सुमारे ४२ टक्के. या दुसऱ्या आराखड्यातून होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन पहिल्या आराखड्याच्या जेमतेम अर्धा टक्का भरत होते.

राज्य एक, लोकसंख्या एक, वर्षही एक, आणि तरीही दोन उत्तरांत अडीचपटींहून अधिक अंतर. एवढा फरक बेरीज-वजाबाकीच्या चुकीतून पडत नाही. दोन्ही गटांनी गणित नीट केले होते. त्यांनी सुरुवातीला विचारलेला प्रश्न वेगळा होता. हवामान बदलाच्या चर्चेत आज शेकडो भविष्यचित्रे मांडली जातात आणि त्यांतील रेषा वर का गेली किंवा खाली का आली हे बहुतेकांना उमगत नाही. ज्यांना ते समजून घ्यायचे आहे त्यांनी हे प्रकरण मुळापासून पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण यातले मॉडेल इतके साधे आहे की त्यात काहीही लपून राहत नाही.

समितीचा हिशेब

त्या काळचे कर्नाटक विजेच्या बाबतीत जवळजवळ सर्वस्वी पाण्यावर अवलंबून होते. शरावती आणि काळी या नद्यांवरील जलविद्युत केंद्रे हा राज्याचा कणा होता. रायचूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८५ मध्ये सुरू झाला. पाऊस कमी झाला की धरणे भरत नसत, आणि मग उद्योगांवर वीजकपात येई. अशा राज्याला भविष्याची चिंता वाटणे रास्त होते, आणि समितीच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही.

तिने वापरलेली पद्धत त्या काळी देशभर रूढ असलेलीच होती. मागील वर्षांत मागणी कोणत्या दराने वाढली ते पाहायचे, तो कल पुढे ओढायचा, येणारा आकडा ‘गरज’ मानायची आणि ती भागवण्यासाठी मोठी केंद्रे कोठे व किती उभारायची याची यादी करायची. या पद्धतीत वीज हीच मूळ वस्तू ठरते. ती कशासाठी वापरली जाते, वापरताना किती वाया जाते, आणि ज्यांच्या घरी ती अजून पोहोचलेलीच नाही त्यांचे काय, हे प्रश्न गणितात शिरतच नाहीत. कल मागच्या ग्राहकांचा असतो. ज्याला कनेक्शनच मिळाले नाही त्याचा कल निघत नाही. परिणामी मागणीचा आकडा प्रचंड फुगतो आणि तरीही गरिबाच्या झोपडीतला दिवा त्यात मोजला जाईलच याची खात्री देता येत नाही. रेड्डी यांना या पद्धतीतील सर्वांत मोठा दोष हाच वाटत होता, आणि तो त्यांनी निव्वळ तांत्रिक दोष मानला नाही. तिला त्यांनी ‘ग्रॉसकॉन’ असे नाव दिले : वाढीवर डोळा ठेवणारी, पुरवठ्याच्या बाजूने पाहणारी आणि वापर वाढवणे हेच उद्दिष्ट धरणारी विचारपद्धती.

समितीच्या आराखड्यात आणखी एक विसंगती होती. एवढी केंद्रे आणि एवढा खर्च करूनही २००० मध्ये राज्यात विजेचा तुटवडा राहीलच, असे त्या आराखड्यातूनच निघत होते. ज्या मार्गाने जाऊन मुक्कामी पोहोचता येत नाही हे आधीच ठाऊक आहे, तो मार्ग तपासून पाहावा असे एका शास्त्रज्ञाला वाटले, तर ते स्वाभाविक आहे.

पुरा गावाने शिकवलेले

रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ. जॉन बॉक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेले आणि १९७० मध्ये आलेले ‘मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ हे पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यापीठांत शिकवले गेले. त्याच विषयात राहून त्यांना उरलेले आयुष्य सुखाने काढता आले असते. १९७४ मध्ये त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र’ हा गट सुरू केला. ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचा उपयोग करणे हे या गटाचे काम होते, आणि तेव्हापासून त्यांच्या संशोधनाची दिशा बदलली.

तुमकूर जिल्ह्यातील कुणिगल तालुक्यात पुरा नावाचे लहानसे गाव आहे. रेड्डी यांच्या गटाने तेथे घरोघर जाऊन ऊर्जेची मोजणी केली : कोण किती सरपण आणते, त्यासाठी किती चालते, पाणी किती लांबून येते, नांगरट कोण करते. गावातील ऊर्जेचा बहुतांश भाग सरपणाचा होता आणि तो मुख्यतः चुलीत जात होता. विजेचा वाटा नगण्य होता. माणसांच्या श्रमाचा हिशेब मांडला तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक भार स्त्रियांवर असल्याचे दिसले, आणि मुलांचा वाटाही लहान नव्हता. राज्याच्या कोणत्याही वीज आराखड्यात या श्रमांना रकाना नव्हता.

पुढे त्या गावात सामुदायिक गोबर गॅस संयंत्र उभे राहिले. स्वयंपाकासाठी गॅस पुरवावा हा मूळ बेत होता, पण गावातील शेण त्या मानाने अपुरे पडले. तेव्हा गावकऱ्यांनाच विचारले गेले की त्यांना आधी काय हवे आहे, आणि उत्तर आले : प्यायचे पाणी. मग तोच गॅस डिझेल इंजिनाला जोडून त्यावर सुमारे ५ किलोवॉटचे जनित्र चालवले गेले. त्या विजेवर कूपनलिकेचा पंप चालला, घरांजवळ नळ आले आणि संध्याकाळी दिवे लागले. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे २ पैसे मिळत आणि गॅस निघून गेल्यावर उरलेली मळी ज्याच्या त्याला परत दिली जाई. शेण आणण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करीत, त्यामुळे ते पैसेही त्यांच्याच हाती पडत.

मला या घटनेत संपूर्ण मॉडेलचे बीज दिसते. गावाला ‘ऊर्जा’ नको होती, पाणी हवे होते. वीज हे पाण्यापर्यंत जाण्याचे एक साधन होते. राज्याच्या पातळीवर हाच प्रश्न विचारला तर काय होईल, हे रेड्डी यांनी पुढे करून पाहिले.

मॉडेलची बांधणी

ग्लॅडिस सुमित्रा, पी. बालचंद्र आणि आंतोनेत द’सा या सहकाऱ्यांसह रेड्डी यांनी तयार केलेल्या पद्धतीचे नाव ‘डिफेंडस’. विकासावर लक्ष ठेवणारी, अंतिम वापरापासून सुरुवात करणारी आणि सेवा पुरवणे हे उद्दिष्ट मानणारी पद्धत, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ आहे. विजेचे भविष्यचित्र १९९१ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोन भागांत प्रसिद्ध झाले, वेगवेगळ्या मार्गांनी मिळणाऱ्या विजेच्या खर्चाची तुलना त्याच्या आदल्या वर्षी त्याच नियतकालिकात आली होती.

मागणीचा हिशेब असा. प्रथम ग्राहकांचे गट पाडायचे : एखादा दिवा असलेली गरिबाची घरे, सर्व उपकरणे असलेली घरे, सिंचनाचे पंप, लहान उद्योग, मोठे उद्योग, दुकाने आणि कचेऱ्या. प्रत्येक गटात किती ग्राहक आणि एकेका ग्राहकाला वर्षाला किती युनिट, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि सर्व गुणाकारांची बेरीज करायची. हे काम आज शाळकरी मुलाला संगणकावरच्या तक्त्यात करता येईल. खरा विचार त्या दोन आकड्यांत आहे. ग्राहकांची संख्या मागच्या कलावरून ओढलेली नव्हती. ती उद्दिष्टांवरून ठरवली होती. राज्यातील प्रत्येक घरात वीज जाईल, भूजलाच्या मर्यादेपर्यंत सिंचनाच्या पंपांना वीज मिळेल, रोजगार देणारे उद्योग अधिक वेगाने वाढतील आणि खेडोपाडी विकेंद्रित ऊर्जा केंद्रे उभी राहतील, असे त्यात गृहीत धरले होते. हे मुद्दाम लक्षात घ्यायला हवे, कारण कमी विजेचा आराखडा म्हटला की तो गरिबांना अंधारात ठेवणारा असणार, असा समज पटकन होतो. येथे उलट घडले. कमी विजेच्या आराखड्यात सर्वांच्या घरी दिवा होता.

दुसरा आकडा, म्हणजे एका ग्राहकाला लागणारी वीज, ही उपकरणाच्या कार्यक्षमतेवर अवलंबून असते. ६० वॉटचा तारेचा बल्ब आणि साधारण १६ वॉटचा सीएफएल, म्हणजे छोटा फ्लुरोसंट दिवा, सारखाच उजेड देतात. फरक ४४ वॉटचा. केंद्रापासून घरापर्यंत येताना विजेचा पाचवा भाग वाटेत जातो असे धरले, तर घरातील ४४ वॉट वाचले की केंद्रावर ५५ वॉट कमी निर्माण करावे लागतात. असे एक लाख बल्ब संध्याकाळी सातला, म्हणजे नेमक्या कमाल मागणीच्या वेळी, बदललेले असले तर केंद्रावरचा साडेपाच मेगावॉटचा भार उतरतो, आणि त्यासाठी कोठेही जमीन घ्यावी लागत नाही की कोणाला गाव सोडावे लागत नाही.

गिझरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कर्नाटकात सर्व कामे विजेवर करणाऱ्या घरांसाठी दराचा स्वतंत्र वर्ग होता आणि अशा घरांत अंघोळीचे पाणी विजेवर तापत असे. ही वीज औष्णिक केंद्रातून येणार असेल तर तिचा प्रवास असा : खाणीतून कोळसा काढून रेल्वेने आणायचा, तो जाळून बाष्पकात पाणी उकळायचे, वाफेने चक्र फिरवायचे, कोळशातील उष्णतेचा जेमतेम तिसरा भाग विजेत उतरवायचा, ती शेकडो किलोमीटर तारांतून न्यायची, वाटेत काही गमवायची, आणि शेवटी घरात पुन्हा पाणीच तापवायचे, तेही चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत. कोळशातील उष्णतेचा सुमारे चौथा भाग बादलीत पोहोचतो. आपल्याकडचा तांब्याचा बंब चार काटक्यांवर हे काम थेट करीत असे. रेड्डी यांनी बंबाकडे परत जायला सांगितले नाही. त्यांनी छपरावरचा सौर जलतापक सुचवला, आणि विजेच्या शेगडीच्या जागी एलपीजी.

शेतीपंपाची गोष्टही याच जातीची. विहिरीत सोडलेल्या नळाच्या तळाशी जो फूटव्हॉल्व्ह असतो तो अरुंद आणि जड असला, वरचा नळ आतून खडबडीत गंजका लोखंडी असला, तर मोटरची बरीचशी ताकद पाणी वर चढवण्याऐवजी घर्षणावर मात करण्यात खर्च होते. फूटव्हॉल्व्ह बदलून घर्षण कमी असलेला प्लास्टिकचा नळ बसवला की तेवढेच पाणी कमी विजेत वर येते. उद्योगांतील मोटरींबाबतही असाच विचार होता.

पुरवठ्याच्या बाजूला मॉडेलने एक शिस्त पाळली, आणि माझ्या मते ती या संशोधनाची सर्वांत मोठी देणगी आहे. एक युनिट वाचवणे आणि एक युनिट निर्माण करणे या दोन्हींना एकाच तराजूत घातले. सीएफएल, सौर जलतापक, पंपाची दुरुस्ती, साखर कारखान्यातील चिपाडावर होणारी सहनिर्मिती (एकाच इंधनातून वाफ आणि वीज), लहान जलविद्युत केंद्रे, जैवभारावर (लाकूड, पालापाचोळा यांवर) चालणारी ग्रामीण केंद्रे, मोठे औष्णिक केंद्र, अणुकेंद्र : प्रत्येकाचा उभारणीपासून आयुष्य संपेपर्यंतचा खर्च, व्याज आणि उभारणीचा काळ धरून, एका युनिटमागे किती पडतो ते काढले. मग सर्वांत स्वस्त पर्यायापासून सुरुवात करून मागणी भागेपर्यंत एकेक पर्याय उचलत जायचे. बचतीचे बहुतेक उपाय या यादीत वर राहिले, त्यामागून विकेंद्रित स्रोत आले आणि मोठ्या केंद्रांची पाळी शेवटी आली.

कर्बाचा आकडा कोठून आला

आता त्या अर्ध्या टक्क्याकडे पाहू. कार्बन डायऑक्साइड कमी करायचा हे उद्दिष्ट मॉडेलला दिलेलेच नव्हते. त्यावर कर लावलेला नव्हता, मर्यादा घातलेली नव्हती. लोकांना सेवा मिळावी आणि कमीत कमी खर्चात मिळावी, एवढीच अट होती. नव्या कोळशाची गरज जवळजवळ उरली नाही म्हणून उत्सर्जनही उरले नाही. आकडा वाचताना एक सावधगिरी मात्र हवी. जैवभारावर चालणारी केंद्रे कर्बाच्या हिशेबात निरंक धरायची असतील तर जेवढे लाकूड तोडले तेवढे पुन्हा वाढले पाहिजे, आणि ही अट कागदावर पाळणे सोपे असले तरी रानात पाळणे कठीण आहे.

काळाचाही संदर्भ येथे पाहायला हवा. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, १९८८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला. गरीब देशांनी विकास करायचा की उत्सर्जन रोखायचे, असा पेच तेव्हा जागतिक मंचांवर मांडला जात होता आणि आजही मांडला जातो. एका भारतीय राज्याचा खरा तपशील घेऊन केलेल्या या हिशेबात तो पेच निर्माणच होत नव्हता. सप्टेंबर १९९० च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये रेड्डी आणि ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ जोझे गोल्डेम्बर्ग यांनी विकसनशील देशांच्या ऊर्जेविषयी लेख लिहिला तोही याच विचाराच्या आधारावर. त्याआधी १९८५ मध्ये या दोघांनी थॉमस योहान्सन आणि रॉबर्ट विल्यम्स यांच्यासह असे दाखवले होते की सर्वांत कार्यक्षम उपकरणे वापरली, तर माणशी सुमारे एक किलोवॉटच्या ऊर्जावापरात सत्तरच्या दशकातील पश्चिम युरोपसारखे राहणीमान मिळू शकते.

या चौघांच्या आधी ऊर्जेचे जागतिक भविष्य मांडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्ग येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत, आयआयएएसएमध्ये, वोल्फ हेफेले यांच्या नेतृत्वाखाली झाला होता. शंभराहून अधिक शास्त्रज्ञ, अनेक वर्षांचे काम आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल. २०३० मध्ये जगाला २२ ते ३६ टेरावॉट (एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट) ऊर्जा लागेल असे त्यात निघाले. १९८४ मध्ये बिल कीपिन आणि ब्रायन विन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की त्या अवाढव्य संगणकीय व्यवस्थेतून बाहेर येणारे आकडे बव्हंशी आत घातलेल्या गृहीतकांतच होते आणि खर्चाच्या गृहीतकात थोडा बदल केला तरी निकाल मोठ्या प्रमाणात पालटत होता. गोल्डेम्बर्ग, रेड्डी आणि सहकाऱ्यांचे जागतिक भविष्यचित्र २०२० साठी सुमारे ११ टेरावॉटचे होते. प्रत्यक्षात २०२० च्या आसपास जग १८ ते १९ टेरावॉटवर होते. म्हणजे चौघांच्या चित्रापेक्षा बरेच वर. पण ते चित्र म्हणजे भाकीत नव्हते. तशी निवड केली तर काय शक्य आहे हे ते सांगत होते, आणि ती निवड जगाने केली नाही. मॉडेलचे यशापयश ठरवताना हा भेद सुटला की शास्त्रज्ञावर अन्याय होतो.

काय अडले

कर्नाटक सरकारने डिफेंडस आराखडा अधिकृत धोरण म्हणून स्वीकारला नाही. का, हे रेड्डी यांनी स्वतःच शोधायला घेतले. १९९१ मध्ये ‘एनर्जी पॉलिसी’ या नियतकालिकात त्यांनी कार्यक्षमतेच्या वाटेतील अडथळ्यांवर एक दीर्घ लेख लिहिला, आणि तो आजही शब्दशः लागू पडावा असा आहे. ग्राहकांचे त्यांनी प्रकार केले. कोणाला माहीतच नसते. कोणाकडे सुरुवातीला घालायला पैसे नसतात, मग पुढे कितीही वाचणार असले तरी. कोणाच्या एकूण खर्चात वीजबिल इतके किरकोळ असते की त्याला फिकीर नसते. कोणाला चांगले उपकरण हवे असते पण ते निवडणे, बसवणे आणि दुरुस्त करून घेणे त्याच्या आवाक्याबाहेर असते. कोणी भाडेकरू असतो आणि घरमालकाने किंवा बिल्डरने बसवलेले अकार्यक्षम यंत्र त्याच्या वाट्याला वारशासारखे येते. ग्राहकापाशी न थांबता त्यांनी उपकरणे बनवणारे, वीज मंडळे, कर्ज देणाऱ्या संस्था, सरकार आणि आंतरराष्ट्रीय मदत संस्था यांच्यापर्यंत ही साखळी नेली. एका मोठ्या केंद्राला कर्ज देणे बँकेला सोपे जाते. दहा लाख बल्बांना कर्ज देण्यासाठी तिच्याकडे खातेच नसते.

मॉडेलच्याही काही बाजू कच्च्या होत्या, आणि त्या नोंदवल्याशिवाय प्रकरण पूर्ण होणार नाही. शेतीपंपांना मीटर नव्हते. पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकार किंवा फुकट वीज, अशी व्यवस्था असल्यामुळे पंप खरोखर किती वीज खातात हे वीज मंडळालाही ठाऊक नव्हते. एकूण विजेतून मोजलेली वीज आणि सांगितला जाणारा तोटा वजा केला की जे उरे ते शेतीच्या नावावर पडे. ज्या मॉडेलचा पाया प्रत्येक ग्राहकाचा खरा वापर हा आहे, त्याला ही अडचण जिव्हारी लागणारी होती. शिवाय ज्या शेतकऱ्याला वीज जवळजवळ फुकट आहे त्याने पदरचे पैसे घालून फूटव्हॉल्व्ह का बदलावा, याचे उत्तर खर्चाच्या यादीत नव्हते. राज्याच्या दृष्टीने तो उपाय स्वस्त, शेतकऱ्याच्या दृष्टीने तो निव्वळ खर्च.

मोठ्या प्रकल्पांचे काय झाले तेही पाहायला हवे. उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी नदीच्या काठी कैगा येथे उभारलेल्या अणुकेंद्राच्या एका संरक्षक घुमटाचा आतील भाग मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला. पहिल्या दोन संचांपासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली ती २००० मध्ये. ज्या वर्षाची गरज भागवण्यासाठी १९८७ मध्ये आकडे मांडले होते, ते वर्ष उजाडेपर्यंत या केंद्राची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती. उभारणीचा काळ हा खर्च म्हणून धरला पाहिजे, हे रेड्डी सातत्याने सांगत होते.

पुण्यापर्यंत आलेली वाट

या प्रकरणाचा महाराष्ट्राशी संबंध थेट आहे. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाचे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी नव्वदच्या दशकात किमान खर्चाच्या नियोजनाची हीच दृष्टी महाराष्ट्राच्या वीजव्यवस्थेला लावून पाहिली. तो काळ दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा होता. त्या कराराचे त्यांनी सुबोध वागळे यांच्यासह १९९५ मध्ये केलेले विश्लेषण या वादातील मोजक्या आकडेनिष्ठ कामांपैकी होते. एवढी महाग वीज विकत घेण्याआधी महाराष्ट्राला ती खरोखर लागते का आणि स्वस्त पर्याय कोणते, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला.

शेतीपंपांच्या कार्यक्षमतेवर संत आणि दीक्षित यांनी १९९६ मध्ये स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, रेड्डी यांनी स्थापन केलेल्या इंटरनॅशनल एनर्जी इनिशिएटिव्हच्या नियतकालिकात. मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर किती वीज खपवली जाते हा प्रश्न त्यांनी पुढे महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढेही लावून धरला, आणि राज्याच्या वीज मंडळाची गळती आधी सांगितल्याच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे त्यातून पुढे आले. मीटरशिवायच्या आकड्यांवर मॉडेल उभे राहत नाही, ही डिफेंडसची दुखरी जागा त्यांनी नेमकी ओळखली होती. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, उपकरणांवरील तारांकन, २०१५ पासून देशभर वाटले गेलेले ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे, या सर्वांत सीएफएलच्या त्या जुन्या हिशेबाचे तर्कशास्त्र जसेच्या तसे आहे : एकेका घराने स्वतः विकत घेण्याची वाट न पाहता घाऊक खरेदीने सुरुवातीची किंमत खाली आणायची.

जागतिक पातळीवर हा विचार २०१८ मध्ये पुन्हा वर आला. आर्नुल्फ ग्रुब्लर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या कमी ऊर्जा-मागणीच्या भविष्यचित्रात २०५० पर्यंत जगाची अंतिम ऊर्जेची मागणी तेव्हाच्या पातळीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी खाली येते, आणि तीही लोकसंख्या व राहणीमान वाढत असताना. दीड अंश तापमानवाढीवरील आयपीसीसीच्या विशेष अहवालात जे चार नमुनेदार मार्ग दाखवले आहेत त्यांतील पहिला मार्ग याच चित्रावर आधारलेला आहे, आणि हवेतील कर्ब यंत्रांनी शोषून जमिनीखाली गाडण्याची गरज त्यात पडत नाही. हे काम ज्या संस्थेत झाले ती लाक्सेनबुर्गचीच, जिथे एकेकाळी ३६ टेरावॉटचे चित्र रंगवले गेले होते.

रेड्डी यांचे ७ मे २००६ रोजी बंगळुरूत निधन झाले. गिरीश संत २०१२ मध्ये अकाली गेले. शेतीपंपांचा प्रश्न मात्र चालू आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून तिची सुरुवात झाली. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वीजतारांना, दिवसा वीज द्यायची, अशी तिची रचना आहे. रात्री-अपरात्री अंधारात, साप-विंचवाच्या भीतीने पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी दिवसाची वीज किती मोलाची आहे हे सांगायला नको, आणि या विजेसाठी कोळसाही जळत नाही. योजना वाहिनीपाशी थांबते. पंप, नळ आणि विहिरीच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह तिच्या कक्षेत येत नाहीत.